मालमोटारीच्या सांगाड्याचे लघुकरण

जुन्या हलक्या मालमोटारीचा जीर्णोद्धार करताना तिच्या सांगाड्याची आणि त्यावरील हौद्याची लांबी कमी करण्याच्या प्रक्रियेस सांगाड्याचे लघुकरण म्हणतात. पिकअप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, पुढे चालककक्ष व मागे उघडा हौदा असलेल्या गाड्यांच्या संदर्भात ही प्रक्रिया प्रामुख्याने केली जाते. पुढच्या व मागच्या आसांच्या मध्यांमधील अंतरास आसांतर म्हणतात. लघुकरणात आसांतर घटते किंवा मागच्या आसापलीकडे बाहेर राहिलेला भाग घटतो. बहुधा दोन्ही घटतात. लोखंड कापणे व पुन्हा जोडणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग होय. आसांतर बदलताच सुकाणू, ब्रेक, शक्तिसंक्रमण, भारविभागणी व गाडीची कायदेशीर ओळख या सर्वांचे परस्परसंबंध बदलतात. म्हणून लघुकरणाचा विचार कापणीपासून नव्हे, तर या संबंधांपासून सुरू करावा लागतो.

सांगाड्याची रचना : जुन्या मालमोटारींचा सांगाडा शिडीसारखा असतो. पुढून मागे जाणाऱ्या दोन लांब तुळया व त्यांना जोडणाऱ्या आडव्या तुळया रिव्हेटांनी एकत्र बसविलेल्या असतात. लांब तुळईचा छेद पन्हळाकृती असून तिला एक उभी पट्टी आणि वर व खाली आडवी पाती असतात. इंजिन, दंतचक्रपेटी, चालककक्ष, हौदा व पाट्यांचे आधार हे सर्व या शिडीवर टेकलेले असतात. भारामुळे तुळई वाकू लागली म्हणजे एका पात्यावर ताण व दुसऱ्यावर दाब येतो. उभ्या पट्टीच्या मध्यभागी ही प्रतिबले जवळजवळ शून्य असतात. उदा., १५० मिमी. उंच, ६० मिमी. रुंद व ५ मिमी. जाड पन्हळाच्या वाकण्याविरुद्धच्या ताठरपणापैकी सु. तीन-चतुर्थांश वाटा एकट्या दोन पात्यांचा असतो. म्हणूनच पात्यांना भोके पाडू नयेत, त्यांना खाचा देऊ नयेत व त्यांच्यावर आडवा वितळजोड शक्यतो टाळावा, असा संकेत आहे. उभ्या पट्टीच्या मध्यावर पाडलेले भोक तितकेसे घातक नसते. निर्माते रिव्हेट व नळ्यांची भोके बहुधा तेथेच ठेवतात.

खडबडीत रस्त्यावर शिडीचा सांगाडा पिळवटतो. हा पीळ सोसण्यासाठीच तो रिव्हेटांनी जोडून थोडा लवचिक ठेवलेला असतो. लघुकरणानंतर एखादा भाग अतिताठर झाला, तर पीळ त्याच्या शेजारच्या भागात एकवटतो व शिणवट्यामुळे तेथे तडा जातो. जोड मजबूत राहून त्याच्या शेजारी तुळई फाटते, याचे हेच कारण होय.

पार्श्वभूमी : कारखान्यातच हौदा बसवून विकलेली फोर्ड कंपनीची पहिली पिकअप १९२५ मध्ये ‘मॉडेल टी’ या गाडीवर आधारलेली होती, तिचे आसांतर १०० इंच (२,५४० मिमी.) होते. पुढे एकाच गाडीची आखूड व लांब अशी दोन रूपे बाजारात येऊ लागली. १९६७ ते १९७२ या काळातील शेव्हरोले सी-१० या पिकअपच्या आखूड रूपाचे आसांतर ११५ इंच व लांब रूपाचे १२७ इंच होते. त्यांचे हौदे अनुक्रमे सु. साडेसहा व आठ फुटी होते. लांब रूपाच्या गाड्या शेतीकामासाठी अधिक घेतल्या गेल्या, तर हौशी संग्राहकांकडून आखूड रूपास अधिक मागणी राहिली. या तफावतीतून अमेरिकेत लांब गाडी आखूड करण्याची पद्धत रूढ झाली.

भारतात या गाड्यांचा इतिहास मुख्यतः मुंबईशी निगडित आहे. फोर्ड कंपनीने १९२६ मध्ये भारतात आपली कंपनी स्थापन केली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईतील शिवडी येथे जोडणी कारखाना सुरू केला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ला येथे डॉज व फार्गो मालमोटारी तयार केल्या. महिंद्र कंपनीने १९४७ च्या सुमारास विलीज जीप गाड्यांची जोडणी हाती घेतली व १९६५ पासून ती हलक्या मालमोटारींच्या उत्पादनातही उतरली. तिने बनविलेल्या एफसी-१५० या गाडीचे मूळ अमेरिकी रूप लघुकरणाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यात चालककक्ष इंजिनावर बसविल्यामुळे अवघ्या ८१ इंच (२,०५७ मिमी.) आसांतरात सु. सहा फुटी हौदा मावला. त्याच कंपनीच्या नेहमीच्या घडणीच्या पिकअपचे आसांतर ११८ इंच (२,९९७ मिमी.) होते. परंतु आखूड आसांतर व उंच कक्ष यांमुळे गाडीचा तोल नाजूक झाला आणि १९५८ मध्ये चाकांमधील आडवे अंतर वाढवावे लागले. आखूडपणाची किंमत निर्मात्यालाही चुकत नाही, हे यावरून दिसते.

भारतात मालमोटारी पुष्कळदा केवळ सांगाडा, इंजिन व पुढचा दर्शनी भाग एवढ्याच स्वरूपात विकल्या जात. चालककक्ष व हौदा स्थानिक सुतार-लोहार बांधून देत. त्यामुळे येथील गाडीवरील लाकडी फळ्यांचा हौदा कारखान्यातील नसला, तरी तो त्या काळाचा व त्या गावच्या कारागिरीचा पुरावा असू शकतो.

लघुकरणाची कारणे : विदर्भातील गावांत जुन्या गाड्या गोठ्याशेजारी किंवा खळ्यात वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या आढळतात. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजा हे नागपूर–औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) मार्गावरील गाव आहे. अशा हमरस्त्यावरील गावी पाटे, ब्रेक व वितळजोड यांची कामे करणारे कारागीर सहज मिळतात. परंतु शेताकडे जाणाऱ्या पांदणी अरुंद असतात व काळ्या जमिनीत पावसाळ्यात चाके रुततात. म्हणून वळण्यास सोपी, आखूड गाडी असावी, अशी इच्छा स्वाभाविक असते. सांगाड्याचा मागील भाग गंजून गेलेला असणे, मूळ हौदा नष्ट होऊन आखूड हौदा उपलब्ध होणे, ठेवण्यास जागा अपुरी असणे आणि आखूड गाडीचे रूप आवडणे ही इतर कारणे होत. गंजलेला भाग हे कारण बहुधा भ्रामक असते; मागील भाग तेवढाच नवा करून मूळ लांबी राखता येते व त्यास श्रमही कमी लागतात.

आपल्याकडे याच्या उलट प्रक्रिया, म्हणजे सांगाडा लांबविणे, अधिक परिचित आहे. काळी-पिवळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रवासी जीप गाड्यांमध्ये आसने वाढविण्याच्या हेतूने मागचा भाग वाढविला जाई. लांबविणे व आखूड करणे यांतील यामिकीय प्रश्न एकच आहेत. केवळ त्यांची दिशा उलटी आहे.

मापन व आखणी : काम सुरू करण्यापूर्वी विद्युत् घटमाला सोडवून ठेवतात आणि इंधनटाकी व नळ्या काढून दूर नेतात. रिकाम्या टाकीतील इंधनाची वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक स्फोटक असते. त्यानंतर सांगाडा सपाट फरशीवर चार भक्कम आधारांवर समपातळीत बसवितात. ओळंब्याने तुळयांवरील ठराविक बिंदू जमिनीवर उतरवून खडूने आखतात. समोरासमोरच्या बिंदूंमधील दोन्ही कर्ण समान आले, तर सांगाडा चौरस आहे असे समजतात. जुनी गाडी अपघातात सापडलेली असेल, तर कर्णांतील फरक याच वेळी लक्षात येतो. तिरका सांगाडा कापून जोडल्यास तिरकेपणा कायम होतो. मापे घेऊन झाल्यावर दोन्ही लांब तुळयांना पोलादी नळ्यांचे तात्पुरते आडवे व तिरपे आधार जोडतात. ते काम पूर्ण होईपर्यंत काढीत नाहीत.

किती लांबी कमी करावयाची हे सांगाड्यावरून नव्हे, तर हौद्यावरून ठरते. चाकाची कमान मागच्या चाकाच्या मध्याशी जुळली पाहिजे. त्यामुळे हौद्यातून कमानीपुढे जेवढी लांबी काढावयाची, तेवढेच आसांतर घटवितात. कमानीमागे काढावयाची लांबी सांगाड्याच्या शेपटाकडून काढतात. वर उल्लेखिलेल्या शेव्हरोले गाडीत आसांतराचा फरक १२ इंच आहे. हौद्याच्या लांबीतील फरक त्याहून मोठा आहे. उरलेली घट चाकामागची होय. केवळ पुढच्या बाजूने कापून शेपूट तसेच ठेवल्यास आसांतराच्या मानाने मागचा लटकता भाग जास्त होतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ९३ नुसार हा भाग आसांतराच्या ६० टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. ३·२ मी. आसांतरास ही मर्यादा १·९२ मी. पडते, तर २·९ मी. आसांतरास ती १·७४ मी. इतकी खाली येते.

पद्धती : लघुकरणाच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत लांब तुळई मध्ये कापली जात नाही. मागच्या पाट्यांच्या आधारांचे रिव्हेट काढून ते आधार पुढे सरकवितात, उभ्या पट्टीत नवी भोके पाडून ते उच्च प्रतीच्या बोल्टांनी बसवितात आणि तुळईचे शेपूट मागून छाटतात. तुळई अखंड राहते, हा या पद्धतीचा मोठा गुण होय. शेपूट जपून ठेवल्यास काही अंशी मूळ स्थितीकडे परतताही येते. मात्र मागच्या आसाला वर उचलण्यास जागा मिळावी म्हणून पुष्कळ गाड्यांत तुळया आसावर कमानीसारख्या उचललेल्या असतात. आस पुढे नेल्यास तो या उचललेल्या भागाखालून बाहेर पडतो व खड्ड्यात तुळईवर आदळतो. म्हणून ही पद्धत आसाजवळ सरळ असलेल्या तुळयांसाठीच उपयुक्त आहे.

दुसऱ्या पद्धतीत तुळईचा मधला तुकडा काढून दोन्ही भाग जोडतात. काढावयाचा तुकडा चालककक्षाचा मागचा आधार व पाट्याचा पुढचा आधार यांच्या दरम्यानच्या सरळ भागातील असावा लागतो. त्या भागात दोन्ही तुळया समांतर असाव्यात, छेदाची उंची सारखी असावी आणि जवळपास आडवी तुळई, रिव्हेट वा भोक नसावे. तुळया एकमेकींकडे निमुळत्या होत असतील, तर तुकडा काढल्यावर टोके जुळत नाहीत. उंची बदलत असेल, तर पाती जुळत नाहीत. इंजिनाचे व सुकाणूपेटीचे आधार असलेल्या पुढच्या भागास कधीही हात लावीत नाहीत. सांगाड्याचा क्रमांक बहुधा याच पुढच्या भागात ठोकलेला असतो व तोच गाडीची कायदेशीर ओळख असतो.

सरळ उभा छेद घेतल्यास वरचे पाते, उभी पट्टी व खालचे पाते यांचे जोड एकाच पातळीत येतात व तुळईत एक दुबळी रेषा तयार होते. हे टाळण्यासाठी पायरीचा छेद घेतात. वरचे पाते एका ठिकाणी व खालचे पाते त्यापासून किमान तुळईच्या उंचीइतक्या अंतरावर कापतात. उभ्या पट्टीतील आडवा छेद या दोहोंना मध्यउंचीवर जोडतो. या आडव्या छेदाच्या जागी वाकण्याची प्रतिबले सर्वांत कमी असतात. त्यामुळे कोणत्याही एका पातळीत दोन्ही पाती जोडलेली नसतात. पायरीच्या आतल्या कोपऱ्यात आधी भोक पाडून मगच कापतात. तीक्ष्ण कोपरा हे तड्याचे उगमस्थान असते.

वितळजोड व मजबुतीकरण : कापलेल्या कडा घासून त्यांना उतार देतात व दोहोंत थोडी फट ठेवतात, म्हणजे वितळलेला धातू तुळईच्या संपूर्ण जाडीत उतरतो. केवळ पृष्ठावर बसलेला जोड दिसण्यास सुबक, परंतु आत पोकळ असतो. कमी हायड्रोजनाच्या लेपाची कोरडी विद्युत् अग्रे वापरतात. जोड थोडाथोडा, डाव्या-उजव्या तुळईवर आळीपाळीने घेतात व प्रत्येक टप्प्यानंतर कर्ण पुन्हा मोजतात. एका बाजूस सलग उष्णता दिल्यास तुळई त्या बाजूस खेचली जाते. पूर्ण झालेला जोड तुळईच्या लांबीच्या दिशेने घासून सपाट करतात व रंगद्रव झिरपवून सूक्ष्म तडे तपासतात.

जुन्या गाड्यांच्या तुळया सामान्यतः सौम्य पोलादाच्या असतात व त्यांवर वितळजोड चांगला बसतो. नंतरच्या काळातील अनेक अवजड मालमोटारींत उष्णतोपचार केलेले उच्च बलाचे पोलाद असते. जोडाच्या उष्णतेने त्याचे बल जोडाशेजारच्या पट्ट्यात घटते. अशा तुळया कापून जोडू नयेत, अशी सूचना निर्माते देतात.

जोडावर आतून किंवा बाहेरून मजबुतीची पट्टी बसवितात. पट्टीची टोके उभी कापलेली नसून निमुळती असावी लागतात. उभ्या टोकाशी तुळईचा ताठरपणा एकदम बदलतो व तेथेच शिणवट्याचा तडा जातो. निमुळत्या टोकाशी हा बदल क्रमाक्रमाने होतो. पट्टी उभ्या पट्टीस रिव्हेट वा बोल्टांनी जोडणे इष्ट असते. पात्यांवर आडवा वितळजोड घेऊन पट्टी बसविणे ही नेहमी आढळणारी चूक होय. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी साचून गंज चढू नये म्हणून त्यांना आतून गंजरोधक रंग देतात.

तुळई आखूड झाल्याने ती दुबळी होते, असा समज आहे. तो बरोबर नाही. इतर परिस्थिती तीच असता तुळईचे वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात असते. म्हणून ३·२ मी. ऐवजी २·९ मी. अंतरात तोच भार सु. एक-चतुर्थांश कमी वाक निर्माण करतो. आखूड सांगाड्यात धोका असतो तो लांबीचा नव्हे, तर जोडाचा.

हौद्याचे लघुकरण : हौद्याची बांधणी दोन प्रकारची असते. एका प्रकारात बाजूचे पत्रे सपाट असून चाकांवरील पंखे बाहेरून लावलेले असतात. असा हौदा आखूड करणे सोपे असते. दुसऱ्या प्रकारात बाजूचा संपूर्ण पत्रा चाकाच्या कमानीसह एकाच साच्यात ठोकलेला असतो. येथे कमानीच्या पुढे व मागे अशा दोन ठिकाणी छेद घ्यावे लागतात. पत्रा पातळ असल्याने सलग वितळजोडाने तो लाटांसारखा वाकतो. म्हणून ठिपक्यांसारखे छोटे जोड दूरदूर घेतात व प्रत्येक जोड थंड होऊ देतात. उभ्या घडीजवळ किंवा खुंट बसविण्याच्या खोबणीजवळ छेद घेतल्यास जोड झाकला जातो व पत्रा ताठही राहतो. मागचा फाळका, त्याच्या बिजागऱ्या व साखळ्या तशाच ठेवतात. लांबी नेहमी पुढच्या भिंतीकडून व मधून काढतात. तळाच्या लाकडी फळ्या नव्या मापाने कापतात. हौद्याखालच्या आडव्या पट्ट्या सांगाड्यावरील आधारांशी पुन्हा जुळवाव्या लागतात व दोहोंमध्ये लाकूड वा रबर घालतात, म्हणजे सांगाड्याचा पीळ हौद्यात उतरत नाही.

इतर भागांतील फेरबदल : दंतचक्रपेटीकडून मागच्या आसाकडे शक्ती नेणारा प्रॉपेलर शाफ्ट आसांतराइतकाच आखूड करावा लागतो. त्याच्या दोन्ही टोकांचे काटे एकाच पातळीत ठेवावे लागतात. ते वळले तर गती एका फेऱ्यात कमी-अधिक होऊन कंप निर्माण होतो. शाफ्ट आखूड झाला की त्याचा कल वाढतो व जॉइंटांची झीज लवकर होते. पाटा दबला असता आस मागेपुढे सरकतो. त्यासाठी सरकत्या सांध्यात पुरेसे अंतर सोडतात, अन्यथा शाफ्ट दंतचक्रपेटीवर आदळतो. कापलेल्या शाफ्टचे संतुलन यंत्रावर करून घेणे अपरिहार्य असते. दोन तुकड्यांच्या शाफ्टऐवजी काही वेळा एकच तुकडा पुरतो व मधला धारवा काढता येतो.

ब्रेकच्या नळ्या गुंडाळून आखूड करीत नाहीत. त्या योग्य लांबीच्या नव्या घालतात. हातब्रेकची तार, इंधननळी, धूरनळी व विजेच्या तारा यांचीही लांबी बदलते. तारा मध्ये कापून जोडण्यापेक्षा शेवटच्या टोकाकडून कमी करणे अधिक सुरक्षित असते.

वर्तनावरील परिणाम : वळणत्रिज्या कमी होते, हा लघुकरणाचा उघड लाभ होय. पुढचे बाहेरचे चाक ३० अंश वळले असता ३·२ मी. आसांतराच्या गाडीचे ते चाक सु. ६·४ मी. त्रिज्येच्या वर्तुळात फिरते, तर २·९ मी. आसांतरात ही त्रिज्या सु. ५·८ मी. होते. परंतु आतले व बाहेरचे चाक यांच्या कोनांतील फरक मूळ आसांतरास अनुसरून ठरविलेला असतो. आसांतर घटले की तो अपुरा पडतो व तीव्र वळणावर टायर घासले जातात.

ब्रेक लावताना गाडीचा भार मागून पुढे सरकतो. हा सरकणारा भार आसांतराच्या व्यस्त प्रमाणात असतो. एकूण वजन १,५०० किग्रॅ., गुरुत्वमध्याची उंची ०·७ मी. आणि मंदन गुरुत्वीय प्रवेगाच्या ०·६ पट धरले, तर ३·२ मी. आसांतरात सु. १९७ किग्रॅ. व २·९ मी. आसांतरात सु. २१७ किग्रॅ. भार पुढे जातो. मागची चाके तेवढी हलकी होऊन लवकर घसरतात. रिकाम्या पिकअपची मागची बाजू मुळातच हलकी असल्यामुळे ओल्या रस्त्यावर हा फरक जाणवतो. खडबडीत रस्त्यावर आखूड गाडी पुढेमागे अधिक डोलते व वेगात सरळ रेषेत राहण्यासाठी सुकाणू वारंवार सावरावे लागते.

भाराच्या जागेचे महत्त्व बैलगाडीवरून सहज कळते. बैलगाडीत माल पुढे जास्त झाला, तर ती धुरजड होते व बैलांच्या मानेवर ओझे येते. मागे जास्त झाला, तर ती उलाळते. मालमोटारीतही हौद्याचा मध्य मागच्या आसाच्या किंचित पुढे असावा लागतो. तो मागे गेल्यास भाराने पुढची चाके हलकी होतात व सुकाणूचा ताबा कमी होतो. हौद्याची लांबी केवळ कमानीपुढून काढली, तर नेमके हेच घडते. आखूड केलेल्या गाडीची भारक्षमता पूर्वीइतकीच राहते, असे गृहीत धरता येत नाही.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये २००० साली झालेल्या सुधारणेनुसार, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल मालकास करता येत नाही. आसांतर हा त्यांपैकी एक तपशील आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी दिलेल्या निर्णयात हाच अर्थ ग्राह्य धरला. २०१९ च्या सुधारणा अधिनियमाने बदललेल्या कलम १८२ अ नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत १५ जुलै २०२१ रोजी अधिसूचित झालेले नियम अधिक महत्त्वाचे आहेत. त्यांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या, खाजगी वापराच्या दुचाकी व चारचाकी गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते. अशा गाडीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे वैध असते. या नोंदणीची एक अट अशी की, सांगाडा, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजेच ज्या लघुकरणामुळे गाडी हौशी मालकास अधिक आकर्षक वाटते, त्याच लघुकरणामुळे तिचा जुनेपणाचा कायदेशीर दर्जा धोक्यात येतो. अशी नोंदणी मिळालेली गाडीही रस्त्यावर रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, फेरी, इंधन भरणे व देखभाल यांपुरताच तिचा वापर करता येतो. किन्हीराजा येथील मालकाची गाडी एमएच-३७ या वाशीम कार्यालयाच्या क्रमांकाची असो वा जिल्हा १९९८ मध्ये वेगळा होण्यापूर्वीची अकोल्याची असो, सांगाडा कापण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडून लेखी स्पष्टीकरण घेणे त्याच्या हिताचे असते. मालवाहू म्हणून नोंदलेल्या पिकअपबाबत हे विशेषच खरे आहे, कारण वरील नियम खाजगी वापराच्या गाड्यांपुरते मर्यादित आहेत.

मूळ स्वरूपाचे जतन : जुन्या वाहनांच्या संस्थांच्या १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘फिव्हा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये तूरिनची सनद स्वीकारली. मूळ सामग्री शक्य तितकी राखावी, नंतरचे बदल सौम्य व परत फिरविता येण्याजोगे असावेत आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी, ही तिची मुख्य सूत्रे आहेत. या कसोटीवर सांगाड्याचे लघुकरण जीर्णोद्धारात मोडत नाही. तो रूपांतराचा प्रकार ठरतो. देवळाचा जीर्णोद्धार करताना ढासळलेला चिरा पुन्हा बसविणे आणि मंडपाची एक खणरांग काढून टाकणे यांत जो भेद आहे, तोच येथे आहे.

यावरून काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात. पूर्ण, अखंड व दुर्मिळ गाडी आखूड करू नये. तिची लांबी हा तिच्या इतिहासाचा भाग असतो. आखूड गाडीची गरज खरी असल्यास मूळचीच आखूड रूपाची गाडी शोधणे अधिक सुरक्षित व पुष्कळदा स्वस्त पडते. सांगाडा अपघाताने किंवा गंजाने मध्येच निकामी झालेला असेल, तर मूळ लांबीने दुरुस्ती करण्याचा पर्याय प्रथम तपासावा. लघुकरण करावयाचेच ठरल्यास तुळई अखंड ठेवणाऱ्या पद्धतीस प्राधान्य द्यावे, काढलेले भाग खुणा करून जपावेत आणि आधीची व नंतरची मापे, छायाचित्रे व जोडांच्या जागा यांची नोंद गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावी. पुढील मालकास व त्याच्या कारागिरास गाडीच्या पोटात कोठे जोड आहे हे ठाऊक असणे, हा त्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न असतो. रंग चढल्यावर जोड दिसेनासा होतो; भार मात्र त्यावर रोज येत राहतो.